रोग घरचा, दोष दवाखान्याला

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची माझी शेवटची पोस्टिंग नुकतीच संपली. लॉगबुकाच्या पानापानावर सह्या झाल्या. किती बाळंतपणं पाहिली, किती ठिकाणी मदतीला हात लावला, किती जणींचं पोट तपासलं, सगळं नोंदवून झालं. परीक्षेला बसायला तेवढं पुरतं. पण मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जे दिसलं, ते गिळून पुढच्या वॉर्डात जायची माझी तयारी नाही. ‘पोरगी डॉक्टर होणार’ म्हणून ज्या समाजाने माझं कौतुक केलं, त्याच समाजाला मला चार गोष्टी तोंडावर सांगायच्या आहेत.

बाई आजारी पडते ती घरात, आणि तिला आजारी पाडणारे आपण असतो. दवाखान्यात पोचतो तो त्या आजाराचा शेवट. तो शेवट बिघडला की आपण डॉक्टरच्या अंगावर धावून जातो आणि घरी परतल्यावर दुसऱ्या मुलासाठी स्थळं पाहायला लागतो. रोग घरचा आणि दोष दवाखान्याला, ही आपली रीत झाली आहे.

वयापासूनच सुरुवात करते. केसपेपर भरताना पहिला प्रश्न वयाचा असतो. उत्तर बाई देत नाही, तिच्या मागे उभी असलेली सासू देते, आणि ते उत्तर घरून ठरवून आणलेलं असतं : ‘एकोणीस.’ अशीच एक पहिलटकरीण आली होती. सलाईन लावायला सिस्टरनी तिचा हिरवा चुडा वर सरकवला, तर तो कुठेही न अडता थेट कोपराच्या वर गेला. सासू बाहेर गेल्यावर मी तिला शाळेचं विचारलं. ‘गेल्या साली दहावीला होते,’ ती म्हणाली. ‘पेपर नाही दिले. लगीन निघालं.’ आणि लगेच माझा हात धरून म्हणाली, ‘ताई, हे लिहू नका. आमच्या दादाला पोलीस नेतील.’ कळा सोसत असतानाही तिला काळजी होती ती तिला या अवस्थेला पोचवणाऱ्यांची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. पाचातली एक! बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो फक्त आईबापांना धरत नाही. लग्न लावणारा, जुळवणारा, ते होऊ देणारा आणि त्यात सामील होणाराही त्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. म्हणजे मंडप घालणारा, बँड वाजवणारा, पत्रिका छापणारा आणि हौसेने अक्षता टाकणारा आपण सगळेच. गावात हे लग्न रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, पण त्यालाही पहिल्या पंगतीचं आमंत्रण असतं. नवरी कितवीत आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ताकास तूर लागू द्यायची नाही, एवढ्यापुरता मात्र गाव एक होतो. त्या पोरीचं बाळंतपण अडलं की तोच गाव जीप भरून रुग्णालयाच्या फाटकावर येतो.

‘गरिबी आहे, काय करणार?’ हे उत्तर मला पाठ झालं आहे. गरिबी आहेच. पण तिचा फायदा कोण उठवतो, तेही बोला. ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. एकट्या पोराला उचल कमी, म्हणून त्याचं लग्न लवकर. वयात आलेल्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून तिचंही लवकर. शेतात खाडा झाला की दंड कापला जातो, मग तो पाळीमुळे असो की पोटात दुखल्यामुळे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्यांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळी ८२,००० हून अधिक बायकांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या. पाळीचा त्रास आणि खाड्याचा दंड या दोन्हींवर आपल्या व्यवस्थेने काढलेला हा तोडगा. साखर आपण सगळेच खातो, त्यामुळे या पापाचे वाटेकरीही आपण सगळेच.

आता ताटाकडे पाहू. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय, सातच्या खाली गेलं की तो तीव्र. आमच्या वॉर्डात आठ-नऊचं एचबी पाहून कुणी दचकतही नाही, इतकं ते नेहमीचं आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के जणींना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या सरकार फुकट देतं, आशाताई त्या घरपोच आणून देतात, आणि सासू त्या फडताळात ठेवून देते. त्याने बाळ काळं होतं म्हणे! ‘जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल,’ हेही ऐकवलं जातं. सातव्या महिन्यात तिला फुलांचे दागिने घालून पाटावर बसवतात, ओटी भरतात, फोटो काढतात. डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं होतात. पण त्या एका दिवसाच्या आधी आणि नंतर ती सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यात उरलेलं खाते. अंडं आणलंच तर ते तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या वाट्याला. ही मोजदाद कुठल्याही केसपेपरवर होत नाही. तिथे आम्ही ‘तीव्र रक्तक्षय’ लिहितो. तो कशाने झाला, हे लिहायला रकानाच नाही.

याचा शेवट कसा होतो, ते मी एका रात्री पाहिलं. बाळंतीण तिशीच्या आतली, तिसरी खेप, एचबी सहा. बाळ झालं, वारही पडली, पण रक्तस्राव थांबेना. निरोगी बाई जेवढा रक्तस्राव सोसू शकते, तेवढ्यात ही संपली असती. रक्तपेढीने तातडीने बाटल्या दिल्या आणि बदली रक्तदाते मागितले. ते रक्त थेट तिला चढणार नव्हतं, कुठल्याही गटाचं चाललं असतं. बाहेर तिघे धडधाकट पुरुष उभे होते. नवरा म्हणाला, ‘मी ड्रायव्हर आहे, चक्कर आली तर?’ दीर म्हणाला, ‘मला कधी सवय नाही.’ तिसरा मोबाईलवर बोलत जिना उतरला तो परत आलाच नाही. मग कोपऱ्यात बसलेली तिची आई उठली आणि म्हणाली, ‘माझं घ्या.’ रक्तपेढीत तिच्या बोटाला टोचून तपासलं. देणाऱ्याचं एचबी साडेबारा लागतं, तिचं नऊ भरलं.

त्या घरातली सगळ्यांत अशक्त व्यक्ती तेवढी रक्त द्यायला पुढे आली, आणि तिच्याकडे द्यायला रक्तच नव्हतं. एका पिढीला उपाशी ठेवून दुसरी वाढवली आणि तिलाही तसंच उपाशी ठेवलं, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला नको. शेवटी ड्यूटी संपवून निघालेल्या एका निवासी डॉक्टरने रक्त दिलं. बाई वाचली. निरोगी पुरुषाने दिलेलं साडेतीनशे मिलीलिटर रक्त शरीर भरून काढतं आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा देऊ शकतो. हे समजावून सांगायला आम्ही कमी पडलो नव्हतो. अडचण माहितीची नव्हतीच. ज्या पोटाने आपल्याला लेकरं दिली त्याच्यासाठी स्वतःच्या शरीराला सुईही टोचू द्यायची नाही, असा तो प्रश्न होता.

हाच प्रश्न कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनलाही येतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी म्हणजे जागेपुरती भूल, काही मिनिटांचं काम आणि त्याच दिवशी घर. बाईच्या ऑपरेशनला पोटाला छेद द्यावा लागतो, आणि तेही बऱ्याचदा बाळंतपणाने आधीच खंगलेल्या देहावर. तरीही त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं आढळलं, आणि नवऱ्याने केल्याचं प्रमाण अर्धा टक्काही नव्हतं. ‘त्याला कामं असतात, अशक्तपणा येईल,’ हे आई आपल्या मुलाबद्दल सांगते, आणि दुसऱ्याच्या ओल्या बाळंतिणीला टेबलावर पाठवते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, कोर्टकज्जे सोसले. शंभर वर्षं उलटून गेली. साधनं आपण घेतली, त्यांचा सगळा भार मात्र बायकांच्या पोटावर टाकून मोकळे झालो.

त्यातही सही नवऱ्याचीच. सज्ञान बाईच्या नसबंदीला नवऱ्याच्या संमतीची अट नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरी ‘नवऱ्याला बोलवा, सही लागेल’ हे वाक्य मी रुग्णालयात पुन्हा पुन्हा ऐकलं. शरीर तिचं, जोखीम तिची, कायद्याने निर्णयही तिचा. मग ती सही मागतो कोण? आपणच, आपल्या भीतीपोटी आणि सवयीपोटी.

मुलगा की मुलगी, यावर फार लिहीत नाही. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, इथूनच फरक सुरू होतो, आणि दुसरीही मुलगी झाली की बर्फीही येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. आधीच्या जनगणनेत ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. हे एकट्या अडाणी माणसाचं काम नव्हे. सोनोग्राफीचं मशीन कुणा अशिक्षिताने विकत घेतलेलं नसतं. आणि शहरातल्या सुशिक्षितांनी हात झटकायचं कारण नाही. मुहूर्त काढून, पत्रिका पुढे ठेवून सिझेरियनची वेळ मागणारी कुटुंबं खासगी प्रसूतिगृहांच्या डॉक्टरांना पुरेपूर ओळखीची आहेत. बाळंतिणीचं पोट कधी कापायचं, हे तिची तब्येत पाहून नव्हे तर ग्रह पाहून ठरवायचं, तर मग सासूच्या फडताळातल्या गोळ्यांना नावं कशाला ठेवायची?

एवढं सगळं समाजाला सुनावताना माझ्या व्यवसायाला मी सोडणार नाही. प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या बाईला ‘गप बस’ म्हणून दटावलेलं मी ऐकलं आहे. मांडीवर बसलेली चापट पाहिली आहे. ‘तेव्हा लाज वाटली नाही का?’ असा नवरा-बायकोच्या एकांतावरून मारलेला टोमणा ऐकला आहे. तो ऐकून शेजारच्या टेबलावरच्या बाईने ओठ दाबून कळ गिळली. पडदा न ओढता तपासणी होते, आणि का तपासतो आहोत हे तिला कुणी सांगत नाही. कामाचा बोजा प्रचंड असतो, खाटा कमी असतात, निवासी डॉक्टरांना झोप नसते, हे खरं. पण त्याच थकव्यात साहेबांच्या ओळखीची बाई आली की आवाज मऊ होतो. म्हणजे मऊ बोलणं आम्हाला जमतं. ते कुणासाठी वापरायचं, हे आम्ही जात, कपडे आणि भाषा पाहून ठरवतो. हा थकवा नव्हे, ही उच्चनीचता आहे, आणि ती आम्ही घरूनच घेऊन येतो.

विद्यार्थ्याला याच काळात गप्प राहायचं शिक्षण मिळतं. सही ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर बोलायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला. त्यावर वर्ग होतात, उत्तरं लिहिली जातात. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम २०१७ पासून आहे. बाळंतिणीला सन्मानाने वागवा, तिच्या विश्वासातली एक बाई सोबत राहू द्या, हे त्यात लिहिलेलं आहे. भिंतीवर त्याचा तक्ताही लावलेला असतो, आणि त्याच भिंतीखाली चापट बसते. कागद बदलले, माणसं बदलायची राहिली.

आनंदीबाई जोशींचा फोटो आमच्या वर्गात आहे. आपला समाज त्यांचा अभिमान सांगतो, पण त्यांचं आयुष्य पुरतं वाचत नाही. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. त्यातून पेटून त्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाचा विषयही त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच घेतला. पुढच्याच वर्षी, जेमतेम एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाई कोर्टात उभ्या होत्या. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये त्यांच्याविरुद्ध लागला. त्या डगमगल्या नाहीत. पुढे लंडनमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटच्या बायकांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्याविरुद्ध मोठमोठे लोक उभे राहिले होते. ‘आमच्या घरात सरकारने डोकावू नये’ हा तेव्हाचा मुद्दा होता. आजही वय लपवणाऱ्या प्रत्येक घरात तोच मुद्दा आहे, फक्त तो आता भाषणात येत नाही, खोट्या वयात येतो. आनंदीबाईंच्या जयंतीला हार घालायचा आणि दहावीतल्या पोरीच्या लग्नाला आहेर करायचा, या दोन गोष्टी एका हाताने करणाऱ्या माणसाने निदान हार तरी घालू नये.

आणि आपला राग कुठे जातो, तेही पाहा. बाळंतीण दगावली की नातेवाईक काचा फोडतात, सिस्टरच्या अंगावर धावून जातात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये कायदा करावा लागला. चूक रुग्णालयाची असेल तर तिची चौकशी झालीच पाहिजे, आणि दोषीला शिक्षाही. पण नऊ महिन्यांत एकदाही तिच्यासोबत तपासणीला न आलेला, तिची गोळी फडताळात पाहूनही गप्प राहिलेला, रक्त मागितल्यावर जिना उतरून गेलेला माणूस कुठल्या तोंडाने न्याय मागतो? त्या मरणाचा पंचनामा करायचा तर तो प्रसूतिकक्षात संपणार नाही. तो लग्नाच्या मांडवात, स्वयंपाकघरात आणि मुकादमाच्या वहीत जाऊन करावा लागेल.

काय करायचं, हे विचारायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. नवरी अठराची नसेल तर त्या लग्नाला जाऊ नका, आणि १०९८ वर फोन करून ते थांबवा. गाव नाव ठेवेल, ठेवू द्या. गरोदर सुनेचं ताट पहिलं वाढा आणि तिने गोळी घेतली का, हे तिच्या नवऱ्याने रोज रात्री विचारावं. बाळंतपणाची तारीख कळली की घरातल्या दोन पुरुषांनी आधीच रक्तदान करून ठेवावं. दुसऱ्या लेकरानंतर ऑपरेशन पुरुषाने करून घ्यावं, आणि त्यात कमीपणा आहे असं म्हणणाऱ्याला त्याच्या आईने गप्प करावं. कारखान्यांनी आणि मुकादमांनी खाड्याचा दंड बंद करावा, आणि तो बंद होईपर्यंत कारखाने चालवणाऱ्या पुढाऱ्यांना मतं मागायला गावात येऊ देऊ नये. माझ्या शिक्षकांनी एवढं करावं की वॉर्डात बाईला अपमानाने वागवणाऱ्याला त्याच जागी अडवावं, मग तो कितीही कुशल सर्जन असो. विद्यार्थी तक्त्याकडे पाहून शिकत नाहीत, तुमच्याकडे पाहून शिकतात.

परीक्षा झाली की इंटर्न म्हणून मी पुन्हा याच कक्षात येणार आहे. तेव्हा वय मी सासूला विचारणार नाही, बाईला एकटीला विचारीन. ती अठराच्या आतली असेल, तर कायद्याने जे कळवायला हवं ते कळवीन, आणि ती एकटी पडणार नाही हेही पाहीन. रक्त लागलं की पहिलं नाव नवऱ्याचं घेईन, आणि तो जिना उतरायला लागला तर चारचौघांत हाक मारीन. कुणाला राग आला तर येऊ दे. इतकी वर्षं तो चुकीच्या दारावर निघत आला आहे, आता तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर निघायला हवा.